दहा वाजता आवाज बंद

अर्जाचा विषय असा होता : ‘दि. 18/12/2022 रोजी रात्री 8.30 वाजता फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना पडद्यावर दाखविणे व ध्वनिक्षेपक वापरणे यास परवानगी मिळणेबाबत.’ ठाण्यातल्या गोपनीय शाखेच्या हवालदारांनी तो दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, "ताई, ह्येच्यात भारत हाय का?"

"नाही."

"मग कशापायी करायलाव?"

माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. सामना होऊन आज नऊ दिवस झाले. शेजारच्या दोन गावांतली पोरं "परवानगी कशी काढली, किती खर्च आला" असं विचारत आली, म्हणून तारीखवार लिहून ठेवते. मध्येच सामनाही येईल. खरं तर पुढं पुढं तोच येईल.

आमचं गाव लातूरपासून चाळीसेक किलोमीटरवर. मी गावात सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, पीकविमा, जे लागेल ते. लोकांचे अर्ज भरण्यावर माझं घर चालतं. स्वतःचा अर्ज घेऊन ठाण्याची पायरी मात्र कधी चढले नव्हते.

फुटबॉलचं वेड लागलं ते लातूरच्या हॉस्टेलमध्ये. 2006 साली रेक्टरबाईंच्या खोलीतल्या टीव्हीवर आम्ही सहा मुली अर्जेंटिना-जर्मनी बघत होतो. एक-एक बरोबरी झाली आणि पेनल्टीवर अर्जेंटिना बाहेर गेली. एकोणीस वर्षांचा मेस्सी त्या दिवशी शेवटपर्यंत बाकावर बसून होता. त्याला उतरवलंच नाही. तो राग माझ्या मनात अजून आहे. 2014 च्या फायनलला मी गावात होते. रात्री साडेबाराचा सामना, दीड-पावणेदोनला लाईट गेली आणि जर्मनीच्या ग्योट्झेनं 113 व्या मिनिटाला अर्जेंटिनावर गोल केला हे मला सकाळी नऊला पेपर आल्यावर कळलं. आमच्या आप्पांची गोष्ट आणखी जुनी. 1986 ला ते लातुरात पाहुण्यांकडं राहून शिकत होते आणि मॅराडोना त्यांनी शेजाऱ्यांच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर, खिडकीतून बघितला. "आत बोलावलं न्हाई कुणी, पर हाकललं पन न्हाई," असं ते अजून सांगतात.

तर 14 डिसेंबरच्या पहाटे, म्हणजे मंगळवारी झोपून बुधवारी उठायच्या मधल्या वेळी, मी रजईत डोकं घालून मोबाइलवर उपांत्य सामना बघत होते. अर्जेंटिना 3, क्रोएशिया 0. तिसऱ्या गोलाआधी मेस्सीनं क्रोएशियाचा बचावपटू ग्वार्डिओलला सगळ्या उजव्या कडेनं फिरवून फिरवून नेलं, तेव्हा मी इतक्या जोरात लाथ झाडली की रजई खाली गेली. त्याच मिनिटाला ठरवलं, फायनल एकटीनं बघायची नाही. सामना रविवारी, साडेआठला. आपल्याकडं विश्वचषकाची फायनल अशी जेवणवेळेला दर वेळी थोडीच येते?

सकाळी चहा पिताना आप्पांनी कॅलेंडरकडं बोट केलं. अठरा तारखेला गावात ग्रामपंचायतीचं मतदान.

इथं गावाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. थेट सरपंचाची निवडणूक होती, दोन पॅनल उभे होते आणि नोव्हेंबरपासून गावात अर्धी माणसं अर्ध्या माणसांशी बोलत नव्हती. आप्पा एका पॅनलचे मतदान प्रतिनिधी. शाळेत मतदान केंद्र, म्हणून शाळेचं पटांगण गेलं. समाजमंदिर ग्रामपंचायतीचं, म्हणून आचारसंहितेत गेलं. उरलं एकच मोकळं, सपाट, कंपाउंडचं ठिकाण : वाड्यामागचं खळं. ते मालकीचं होतं काकांचं. काका म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ आणि विरुद्ध पॅनलचे मुख्य आधारस्तंभ. दोघांत महिनाभर राम राम बंद.

गुरुवारी, 15 तारखेला, मी अकराला ठाण्यात पोचले. अर्ज दोन प्रतींत, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. पहिली गोष्ट लक्षात ठेवा : अर्ज आवक-जावकला द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर तारीख, नंबर आणि शिक्का घ्यायचा. ती पोच हातात नसेल तर पुढच्या खेपेला तुम्ही आलाच नव्हता असं धरतात. मी अडीच वाजेपर्यंत बाकड्यावर बसले. साहेब बंदोबस्ताच्या मीटिंगला होते. कुणी वाईट बोललं नाही. बोलायला कुणाला वेळच नव्हता. जिल्हाभर मतदान, आणि ही बाई फुटबॉल घेऊन आलेली.

वर लिहिलेला भारताचा प्रश्न झाल्यावर हवालदारांनी कागदांची यादी सांगितली. आधार कार्डाची झेरॉक्स, जागामालकाचं संमतीपत्र, त्या जागेचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, ग्रामसेवकाचं ना हरकत, पोलीस पाटलाचं पत्र, मंडपवाल्याचा मोबाइल नंबर आणि आयोजकाचं हमीपत्र. तिकीट लावणार नाही, जाहिरात नाही, कुणा पुढाऱ्याचा सत्कार नाही, हे त्यात लिहायचं. मग थोडं थांबून ते म्हणाले, "आनि ताई, हमीपत्रावर दोन्ही पॅनलचा एकेक जबाबदार मानूस सही करू द्या. नायतर साहेब सही करनार न्हाईत, मी आत्ताच सांगतो." मतदानाच्या रात्री दोन्ही बाजूंची माणसं एका जागी अंधारात बसणार, एवढीच त्यांची काळजी होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते.

(प्रक्षेपणाचे हक्क ज्या कंपनीकडं असतात तिलाही विचारायला हवं, हे मला सामना झाल्यावर एका वकिलानं सांगितलं. तुम्ही आधी विचारा.)

शुक्रवार पूर्ण कागदात गेला. पोलीस पाटील घरचेच, दहा मिनिटांत पत्र दिलं. ग्रामसेवक सापडेनात. शेवटी तहसीलच्या आवारात, मतदान साहित्याच्या रांगेशेजारी गाठले आणि एका मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून त्यांची सही घेतली. शिक्का त्यांच्या पिशवीत होता, शाईचं पॅड नव्हतं. मी पर्समधून काढून दिलं. सेवा केंद्र चालवण्याचा एवढा फायदा.

काकांकडं संध्याकाळी गेले. आप्पांना सांगितलं नव्हतं. काका ओसरीत शाल गुंडाळून बसले होते, सर्दीनं आवाज बसलेला. संमतीपत्र वाचून म्हणाले, "तुझ्या बापानं धाडलं का तुला?" मी म्हटलं, त्यांना माहीत पण नाही. त्यांनी सही केली. वर म्हणाले, "तुमचे लोक कुनाकडून?" म्हटलं, अर्जेंटिना. "मग आमी दुसरे. कोन हायत दुसरे?" फ्रान्स, मी सांगितलं. तेवढ्यावर गावातल्या अर्ध्या पोरांचा देश ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पानटपरीवर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, ज्यांनी जन्मात फुटबॉलला पाय लावला नाही ते "एम्बाप्पे ढिला सोडनार न्हाई" म्हणत होते.

आप्पांची सही रात्री घेतली. काकांच्या सहीखाली सही करायची म्हटल्यावर त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. मग उचललं. "खाली न्हाई करनार, बाजूला करतो." बाजूला केली.

शनिवारी सकाळी लातूरला जाऊन प्रोजेक्टर आणला. भाडं 1,800 आणि अनामत 3,000. दुकानातच लावून बघा, मोबाइल किंवा लॅपटॉपची वायर त्याला बसते का तेही तिथंच बघा. मला एकदा परत फिरावं लागलं. दुपारी तीनपासून ठाण्यात. परवानगी हातात पडली संध्याकाळी 6.40 ला, अकरा अटींसह. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत काही नाही. फटाके नाहीत, घोषणा नाहीत, कुठलंही निवडणूक चिन्ह नाही. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद. हा तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे, रात्री दहा ते सकाळी सहा. वर्षातून ठरावीक दिवस बारापर्यंत सूट मिळते, पण ते दिवस जिल्हाधिकारी आधी जाहीर करतात आणि त्यांत फुटबॉल नसतो. सातव्या अटीवर मी हसले. ‘शिट्टी वाजविण्यास सक्त मनाई.’ एका पॅनलचं चिन्ह शिट्टी होतं.

"साहेब, पंच वाजवणार की."

हवालदारांनी क्षणभर विचार केला. "त्येनं वाजवू द्या. त्यो आपल्या हद्दीत न्हाई."

साडेआठला सुरू झालेला सामना साधारण साडेदहाला संपतो, म्हणजे शेवटचा अर्धा तास आवाज नसणार, असा मी हिशोब केला. बरोबरी झाली तर मिळणाऱ्या जादा वेळेचा विचार केला नाही. अर्जात ‘रात्री 8.30 ते 10.30’ लिहिलं होतं. तुम्ही लिहाल तेव्हा बाद फेरीच्या सामन्याला तीन तास धरा आणि वर अर्धा.

रविवारी मतदान साडेपाचला संपायचं, पण रांगेतल्यांना घेता घेता सहा वाजले. मशीन घेऊन गाडी गेली तसा पोरांनी खळ्यात बांबू रोवायला घेतला. मंडपवाल्याचा पांढरा पडदा वाड्याच्या बाजूला पाठ करून ताणला. खाली ताडपत्र्या. सोयाबीनचं भुस्कट झाडून काढलं तरी हवेत होतंच. थंडी चांगली होती, तुरीच्या शेतावरून वारा येत होता. जनरेटर शंभर फूट लांब, खड्ड्यात, म्हणजे आवाज कमी. दव पडतं म्हणून प्रोजेक्टरवर घमेलं उपडं धरायला एक मुलगा नेमला. हे हसण्यावारी नेऊ नका.

चहाचा खर्च करायला दोन्ही पॅनल एका पायावर तयार होते. मी दोघांनाही नाही म्हटलं. मतदान झालं असलं तरी मोजणी मंगळवारी होती, आणि उद्या कुणी तक्रार केली तर सही माझी. एकंदर खर्च असा : प्रोजेक्टर 1,800, मंडप-पडदा 700, स्पीकर 600, जनरेटर 1,500, डिझेल 470, चहा 640, झेरॉक्स-तिकिटं 85. झाले 5,795. त्यातले तीन हजार माझे, एक हजार आप्पांचे, बाकीचे पोरांनी आपसात काढले.

दीडशेच्या वर माणसं आली. डावीकडं आमची, उजवीकडं काकांची, मध्ये चपला. बायका पुरुषांत बसायला तयार नव्हत्या, त्या पडद्याच्या मागं, वाड्याच्या पायऱ्यांवर बसल्या. पातळ पडदा, पलीकडूनही चित्र दिसतं, फक्त उलटं. आमची आजीही तिकडंच. काका सर्दीमुळं वाड्यात स्वतःच्या टीव्हीसमोर.

मी माइक घेऊन उभी होते. समालोचन हिंदीत, म्हणून मध्ये मध्ये मराठीत सांगायचं ठरलं होतं. फ्रान्सच्या डेम्बेलेनं अर्जेंटिनाच्या डी मारियाला पाडलं, पेनल्टी. 23 व्या मिनिटाला मेस्सीनं ती शांतपणे घातली. आमची बाजू उठली. मग 36 व्या मिनिटाला असा गोल झाला की मी माइकमध्ये काहीच बोलू शकले नाही. आपल्या अर्ध्यातून सुटलेला चेंडू एका एका स्पर्शानं पुढं सरकत गेला, मॅक अ‍ॅलिस्टरनं तो आडवा टाकला आणि डी मारियानं फ्रान्सचा गोलकीपर लोरिसच्या अंगावरून उचलला. डी मारिया रडत होता. माझ्या शेजारी बसलेला ट्रॅक्टर ड्रायव्हर म्हणाला, "आवं, जितलाय की, मग रडायलाय कशाला?" त्यालाही मला उत्तर देता आलं नाही.

मध्यंतराआधीच फ्रान्सच्या प्रशिक्षकानं जिरू आणि डेम्बेले दोघांना बाहेर काढलं. काकांच्या बाजूची पोरं चपला शोधायला लागली. मध्यंतरात चहा झाला, आणि मला आठवतं, मी मोबाइलवर बहिणीला लिहिलं, ‘झालं बहुतेक.’ हा मेसेज अजून तसाच आहे. पुसलेला नाही.

दहाला पाच कमी असताना बीटचे जमादार मोटारसायकलवरून आले. गाडी बंद केली, घड्याळ दाखवलं. मी स्पीकरची पिन काढली.

आता जे झालं ते नीट सांगायचा प्रयत्न करते. आवाज गेला आणि खळं मोठं झालं. ऐंशी हजारांहून जास्त माणसं पडद्यावर तोंड उघडून ओरडताहेत आणि इकडं जनरेटरची घरघर, वाऱ्याची पडद्यावर फडफड आणि कुणाचा तरी खोकला. पंचानं वाजवलेली शिट्टी दिसायची, ऐकू यायची नाही. लोक आपोआप कुजबुजायला लागले. सव्वादहाच्या सुमाराला अर्जेंटिनाच्या ओटामेंडीनं फ्रान्सच्या कोलो मुआनीला खेचलं. पेनल्टी. एम्बाप्पेनं घातली, 80 वं मिनिट. अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझचा हात लागूनही. मी स्वतःला सांगितलं, एकच आहे. पाणी प्यायला खाली वाकले, वर बघते तर एम्बाप्पे पुन्हा धावत होता. मला वाटलं पहिलाच गोल परत दाखवताहेत. सत्त्याण्णव सेकंदांत दोन. आवाज असता तर कळलं असतं.

काकांची पोरं तोंडावर हात दाबून नाचत होती. घोषणा नाही, शिट्टी नाही, हमीपत्र. अशी मुकी मिरवणूक मी कधी बघितली नाही. आणि आमची बाजू, मी धरून, दगड. पोटात कळ यावी तसं होत होतं. मला राग एम्बाप्पेचा आला नाही. स्वतःच्या त्या ‘झालं बहुतेक’चा आला.

त्याच वेळी एक नवीन गोष्ट लक्षात आली. आमचं चित्र मोबाइलच्या नेटवरून येत होतं. वाड्यातला काकांचा टीव्ही डिशवर. आमच्यापेक्षा अर्धा मिनिट पुढं. स्पीकर चालू होता तोवर कुणाला पत्ता लागला नाही. आता मात्र शांततेत वाड्यातून "आरारारा" आलं की दीडशे माणसं मान वळवायची, मग पडद्याकडं बघायची, आणि पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेवर लोळत असायचा. म्हणजे पुढच्या अर्ध्या मिनिटात काहीतरी घडणार हे ठाऊक, काय ते नाही. तुम्ही कधी दाखवणार असाल तर डिशचीच जोडणी घ्या. हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला आहे.

जादा वेळ सुरू झाला. मी जमादारांकडं जाऊन म्हटलं, अर्जात साडेदहा आहे, अजून अर्धा तास लागेल. ते पडद्याकडं बघत होते. "बसा गप," म्हणाले, "आवाज न्हाई ना? मग बसा."

108 व्या मिनिटाच्या गोलाआधी वाड्यातून आलेला आवाज शिवीचा होता. शिवी ऐकून आमची बाजू सावध उभी राहिली, आणि अर्ध्या मिनिटानं लोरिसनं अडवलेला चेंडू मेस्सीनं रेषेपलीकडं ढकलला. बाहेर काढला बचावपटूनं, पण गोल आधीच झाला होता. 118 ला वाड्यातून हर्ष. हँडबॉल, पेनल्टी, एम्बाप्पे, तीन-तीन. फायनलमध्ये एकाच माणसाचे तीन गोल, आणि तो माणूस हरण्याच्या वाटेवर. मला त्या क्षणी त्याची दया आली असं लिहिलं तर खोटं होईल.

मग तो अर्धा आवाज आला. जादा वेळ जवळजवळ संपलेला, 123 वं मिनिट. वाड्यातून "गो..." एवढंच आलं आणि तुटलं. पुढं काही नाही. आम्ही पडद्याकडं बघत राहिलो. तो अर्धा मिनिट मी आयुष्यात विसरणार नाही. शेवटी कोलो मुआनी एकटा मार्टिनेझसमोर आला, त्यानं मारला, आणि मार्टिनेझनं डावा पाय लांब टाकून तो अडवला. इतका की मी अजून त्या पायाचं स्वप्न बघते. ट्रॅक्टर ड्रायव्हरनं माझा हात धरला होता, हे आम्हां दोघांनाही नंतर कळलं.

पेनल्टी सुरू होण्याआधी आप्पा उठले. "हे असलं पुढचं पुढचं ऐकून मी मरीन," म्हणाले, "टीव्ही बारीक करायला सांगून येतो." आणि ते वाड्याकडं निघाले. मतदानाच्या रात्री, एका पॅनलचा माणूस दुसऱ्याच्या वाड्यात, अकराच्या पुढं. दोन पोरं त्यांच्यामागं जायला उठली, जमादारांनी हातानं बसवलं. वाड्याचा दरवाजा उघडला, बंद झाला. टीव्ही बारीक झाला नाही. आप्पाही परत आले नाहीत.

एम्बाप्पेनं घातला. मेस्सीनं घातला. कोमानचा मार्टिनेझनं अडवला, डिबालानं मधोमध मारला. चुआमेनीचा बाहेर गेला. प्रत्येक वेळी वाड्यातून आधी काहीतरी येत होतं, आणि आता त्यात दोन आवाज मिसळलेले होते, एक बसलेला, एक साधा, त्यामुळं काही कळेनासं झालं होतं. परेडेसनं घातला. मग कोलो मुआनीनं घातला. आता आमचा मोंटिएल. घातला तर संपलं.

पडद्यावर मोंटिएल चेंडू हातात घेऊन चालत होता. खळ्यात दीडशे माणसं, श्वास सुद्धा नाही. आणि वाड्यातून ओरडा आला. लांब, फाटलेला, एकाचाच. तो आप्पांचा होता.

पडद्यावर मोंटिएल अजून चेंडू ठेवत होता. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. शेजारची माणसं माझ्याकडं बघत होती, कारण आवाज कुणाचा ते त्यांनाही कळलं होतं. मी काही बोलले नाही. तो मागं सरकला, धावला, मारला, जाळी हलली, त्यानं जर्सी तोंडावर ओढली. मी बसूनच राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी आधीच सुरू झालं होतं, गोल व्हायच्या आधी.

दीडशे माणसांनी आवाज न करता आनंद केला. टॉवेल वर उडाले. कुणी भुस्कट उधळलं, ते प्रोजेक्टरच्या झोतात सोन्यासारखं दिसत होतं. काकांची पोरं पडल्या तोंडानं बसली होती, मग त्यांतलाच एक उठून म्हणाला, "आता मंगळवारी बघू," आणि दोन्हीकडची माणसं हसली. अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी जमादारांनी माझ्या प्रतीवर ‘शांततेत पार पडले’ असं लिहून सही केली. ही सही नक्की घ्या. पुढच्या वर्षीच्या अर्जाला जोडता येते.

आप्पा पाऊण तासानं घरी आले. काही बोलले नाहीत. तोंडाला वाड्यातल्या चहाचा, आल्याचा वास होता.

सोमवारी प्रोजेक्टर परत केला. जाळीत भुस्कट गेलं म्हणून अनामतीतले दोनशे कापले, तेवढे वरच्या हिशोबात धरा. मंगळवारी मतमोजणी झाली. तिचा निकाल इथं लिहीत नाही, घरात अजून जेवण नीट होत नाही त्यावरून.

त्याच मंगळवारी आजीला पेपरातला फोटो दाखवला. मेस्सी चेंडूला पाय लावतोय, डावा. आजीनं पेपर डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"फोटो उलटा छापलाय की गं," ती म्हणाली. "मी सगळी म्याच बघितले. ह्यो उजव्या पायाचा हाय."